बोटाच्या रेषांत बसलेलं शिसं

तुम्ही मध पकडलात आणि शिसं सोडलंत. कुठल्या खात्याचे तुम्ही, कुठल्या मजल्यावर बसता, ते तुमचं तुम्ही बघा. एकमेकांकडे बोट दाखवण्यात तुमचा हात कुणी धरायचा नाही. पण ज्या सरकारच्या हातमोज्यांनी वसुधाबाईंच्या पिशवीतली मधाची बाटली उचलली, त्याच सरकारच्या नाकासमोर वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआच्या दुकानात शिशाच्या गोळ्या फळीवर मांडून ठेवलेल्या होत्या. त्यांचा वास तुम्हाला आला नाही. कुत्रा होता ना तुमच्याकडे? जाकीट घातलेला, गोंडस? विमानतळावर तो वसुधाबाईंच्या पिशवीपाशी येऊन शहाण्यासारखा बसला. तो बिचारा आपलं काम चोख करत होता. तुमचं काय चाललं होतं?

दोन हजार सोळा साल लागलं होतं. वसुधाबाईंच्या मेधाला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधी दोनदा राहून पडलं होतं, आणि दोन्ही वेळा मेधा इथून फोनवर आईला एवढंच म्हणाली होती, "झालं गं. संपलं." तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "आई, तू ये." कराडच्या बाहेर फार तर पुण्यापर्यंत गेलेली बाई. पासपोर्ट काढला, आणि गुडघ्याला पट्टा बांधून विमानात चढली.

येताना त्यांनी आणलं काय, तर शतावरीच्या वाळक्या मुळ्या, मधाची बाटली आणि बाळ वैद्यांनी बांधून दिलेल्या पुड्या. नवरा गेल्यावर वसुधाबाई बाळ वैद्यांच्या औषधशाळेत लागल्या होत्या आणि तिथेच त्यांचे केस पिकले. कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, खलात घोटायचं, गोळ्या वळायच्या. धातूची भस्मं तिथेच व्हायची. धातू आधी शुद्ध करायचा, मग पाल्याच्या रसात घोटून गोवऱ्यांच्या आगीत भाजायचा; पुन्हा घोटायचा, पुन्हा भाजायचा, पार पीठ होईपर्यंत. मग वैद्यबुवा हाक मारायचे, "वहिनी, बघा बरं, मेलंय का."

वसुधाबाई चिमूटभर भस्म अंगठ्यात आणि तर्जनीत घेऊन चोळायच्या. बोटाच्या रेषांत शिरून बसलं आणि झटकलं तरी निघालं नाही, की बारीक झालं. मग वाटीतल्या निवळ पाण्यावर अलगद सोडायचं. तरंगलं, की धातू मेला. मेलेल्या धातूचं विष उरत नाही, त्याचं औषध होतं. हे त्यांना वैद्यबुवांनी सांगितलं होतं, वैद्यबुवांना त्यांच्या वडिलांनी. वसुधाबाईंचं बोट खोटं बोलत नाही, असं औषधशाळेत म्हणायचे.

तर ते सगळं ऑकलंडच्या विमानतळावर गेलं. मेधाने बजावलं होतं, "आई, खायचं-प्यायचं जे असेल ते सगळं दाखव, लपवू नको." त्यांनी दाखवलं. तरण्या अधिकाऱ्याने मुळ्या हुंगल्या, मध उजेडात धरला, पुड्या उलट्यासुलट्या केल्या. "व्हॉट इज धिस?"

"बेबी मेडिसिन," वसुधाबाई म्हणाल्या आणि स्वतःच्या पोटावरून हात फिरवून दाखवला. साठीतल्या बाईचं ते पोट बघून पोराला हसू आवरेना. मग त्याने सगळं उचलून डब्यात टाकलं आणि म्हणाला, "नो वरीज."

वेलिंग्टनला उतरल्यावर गाडीत त्या चिडल्या होत्या. "अगं, मध गं! मधाने कुणाचं काय वाईट झालंय?"

"इथे असंच असतं आई. पिशवीत सफरचंद विसरलं तरी दंड करतात. हीप्स स्ट्रिक्ट, फार म्हणजे फार कडक."

वसुधाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एका अर्थी बरंच आहे म्हणा. एवढं बघतात म्हणजे इथे वाईटसाईट विकायची कुणाची टाप नसेल."

हे वाक्य लक्षात ठेवा. तुमच्यावर इतका विश्वास तुमच्या बायकोनेही टाकला नसेल.

जावई सुयशराव एका सुपरमार्केटच्या बेकरीत होते. मेधाबरोबर शिकायला म्हणून आलेले, शिकले हॉटेलचं, आणि आता पहाटे उठून पाव भाजायचे. दुपारी मोकळे. त्यांनीच सासूबाईंना रमणभाईंच्या दुकानात नेलं. दुकान किराण्याचं, पण कोपऱ्यात एक फळी औषधांची. केसांचं तेल, च्यवनप्राश, आणि मधे एक निळ्या झाकणाची बाटली. तिच्यावर बाळाला कुशीत घेतलेल्या आईचं चित्र. गर्भ टिकण्यासाठीच्या गोळ्या. वसुधाबाईंनी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सुयशराव, हेच की हो. आमच्या वैद्यांचं साधारण हेच असतं."

"आई, डॉक्टरना विचारू या का एकदा?"

"डॉक्टरला ह्यातलं काय कळतंय? आणि विचारायचं काय त्यात? दुकानात उघड्यावर ठेवलंय, म्हणजे सरकारने बघितलं असणारच ना? माझा मध नाही सोडला त्यांनी."

"तेही खरंच," सुयशराव म्हणाले. गल्ल्यावरचे रमणभाई खूश. मुंबईत दहिसरला वाढलेला गुजराती माणूस, मराठी मोडकी पण भरपूर. "मावशी, घेऊन जा. लय बायका नेतात. पेढे मला पाठवा."

घरी आल्यावर वसुधाबाईंनी गोळी ठेचली. परीक्षा भस्माची होते, गोळीची होत नाही. गोळीत डिंक असतो, पीठ असतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी ती पूड बोटांत चोळली, कारण हाताला दुसरी सवयच नव्हती. रेषांत बसली. पाण्यावर सोडली. थोडी बुडाली, थोडी तरंगली. बुडाला तो डिंक असेल, असं त्यांनी स्वतःच ठरवलं.

मग सकाळ-संध्याकाळ दुधाबरोबर गोळी. मिडवाइफ किरी घरी यायची, गलेलठ्ठ, हसरी. दारातूनच "किया ओरा, मामा!" असं माओरीत "नमस्कार, आई" म्हणून ती वसुधाबाईंच्या गालाला गाल लावायची. तिने मेधाला विचारलं होतं, दुसरं काही औषध घेतेस का? "नो, जस्ट द आयर्न," मेधा म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. आईच्या हातची गोळी कुणी औषधात धरतं का?

पहिले महिने पार पडले. ज्या महिन्यात आधीची दोन्ही गेली होती, तोही पार पडला. पोट दिसायला लागलं. वसुधाबाईंनी कराडला फोन करून वैद्यांना सांगितलं, "टिकलं हो. गोळ्यांनी धरून ठेवलं."

आणि मग मेधाच्या पोटात कळा यायला लागल्या. बाळंतकळा त्या नव्हेत, आतडी पिळल्यासारख्या. जेवण जाईना. तोंडात म्हणे सतत पैसा चघळल्यासारखी चव. जिना चढली की बसायची. रंग गेला. किरी म्हणाली, लोह वाढवू या. वसुधाबाई म्हणाल्या, गोळ्या वाढवू या. दोघींनी वाढवलं.

शेवटी हॉस्पिटलात नेलं. तिथे कुणीतरी रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर पेशींवर निळे ठिपके. पुन्हा रक्त घेतलं, वेगळ्या तपासणीला पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला आत बोलावलं, वसुधाबाई बाहेर बाकावर बसल्या. सुयशराव बाहेर आले ते हसत, भीती लपवताना माणूस हसतो तसं. "काही नाही आई, घराच्या रंगाचं काहीतरी म्हणतायत. जुनं लाकडी घर आहे ना आपलं."

दोन दिवसांनी तपासणीचा एक माणूस घरी आला. खिडकीच्या चौकटीचा रंग त्याने सुरीने खरवडून पिशवीत घेतला, अंगणातली माती घेतली, नळाचं पाणी घेतलं. मेधा सोफ्यावर पाय वर घेऊन पडली होती. वसुधाबाई चहाचा कप घेऊन त्याच्यामागून फिरत होत्या.

"काय शोधतोय हो हा?"

"लेड, आई. रंगात असायचं पूर्वी. मेधाच्या रक्तात खूप निघालंय."

"लेड म्हणजे?"

सुयशरावांना मराठी शब्द चटकन आठवेना. "ते... बॅटरीत असतं बघा. जड. शिसं."

वसुधाबाईंनी कप खाली ठेवला. ओट्यावरच्या डब्यामागून निळ्या झाकणाची बाटली काढली आणि त्या माणसाच्या सुरीशेजारी टेबलावर आणून ठेवली. कुणी मागितली नव्हती. अजून दहा खिडक्या खरवडत बसला असता तो. त्यांनी बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे. नाग भस्म. नाग म्हणजे शिसं."

सुयशरावांनी इंग्रजीत सांगितलं. मेधा उठून बसली.

"तुला माहीत होतं?"

"मेलेलं असतं गं ते. मारलेलं शिसं. त्याचं..."

"तुला माहीत होतं, आई? शिसं आहे हे माहीत होतं? आणि तू मला देत होतीस?"

"मी बघितलं ना बोटावर. रेषांत बसलं. पाण्यावर..."

"बोटावर!" मेधा ओरडली, आणि ओरडताना पोट धरलं. "माझ्या बाळाला तू बोटावर तपासलंस!"

त्या माणसाला मराठी कळत नव्हतं. तरी त्याने मान खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं. सुयशराव एकेक वाक्य मराठीत करत होते आणि प्रत्येक वाक्य वसुधाबाईंच्या अंगात खिळ्यासारखं जात होतं. भाजून, घोटून शिसं मरत नाही. ते शिसंच राहतं, फक्त बारीक होतं. आणि जितकं बारीक, तितकं पोटात लवकर मुरतं आणि हाडांत जाऊन बसतं. आईच्या रक्तातून ते बाळाच्या रक्तात जातं, मधे त्याला अडवणारं काही नाही. गोळ्या बंद, कॅल्शियम सुरू, रक्ताची तपासणी चालू ठेवायची. शिसं उतरवायचं औषध आहे, पण या दिवसांत ते देणं जोखमीचं. अगदीच वेळ आली तर.

"बाळाचं काय होईल विचारा," वसुधाबाई म्हणाल्या.

सुयशरावांनी विचारलं. डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलल्या. सुयशरावांनी त्याचं मराठी एवढंच केलं, "सांगता येत नाही म्हणतात."

म्हणजे भस्माचा जो बारीकपणा बघायला वैद्यबुवा त्यांना हाक मारायचे, तोच घात करणारा. जे बोटाच्या रेषांतून निघत नाही ते हाडांतूनही निघत नाही. वसुधाबाईंनी आपलं बोट साबणाने घासलं, चिंचेने घासलं, भांड्याच्या घासणीने घासलं. औषधशाळेतून त्यांच्या हाताखालून गेलेल्या पुड्या कुणाकुणाच्या घरी गेल्या, ते आठवायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. विमानतळावरच्या पोराने डब्यात टाकलेल्या पुड्यांत काय होतं? तेच असेल. त्या पोराने कदाचित भलंच केलं. पण मग ही दुकानातली बाटली कुणी डब्यात टाकायची होती?

मेधा त्यांच्या हातचं जेवेना. ताटाला हात लावायची नाही. सुयशराव भात टाकायचे आणि ती तो भात खायची. एकदा वसुधाबाईंनी नुसतं पाणी भरून दिलं. मेधाने पेला उजेडात धरून बघितला, विमानतळावरच्या त्या पोराने मध बघितला होता तसा. वसुधाबाई न्हाणीघरात गेल्या, नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडल्या.

बाटलीचा रिपोर्ट आला. शिसं भरपूर. सुयशराव म्हणाले, "चला, आता दुकानातून तरी काढतील." आणि त्यांनी तुम्हाला फोन लावला.

तुम्ही काय बोललात ते आठवतंय? नसेल, म्हणून सांगतो. पहिली म्हणाली, हे अन्नात येतं, अन्नवाल्यांकडे लावा. दुसरा म्हणाला, गोळी आहे म्हणजे अन्न नव्हे, औषधवाल्यांकडे लावा. तिसऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि म्हणाला की या उत्पादनाला आम्ही कधी मान्यता दिलेलीच नाही, त्यामुळे काढून घेण्यासारखं आमच्याकडे काही नाही. तुमची केस नोंदवून ठेवतो. अशा आणखी केसेस आल्या तर बघू.

सुयशरावांनी स्पीकर चालू ठेवला होता. "काय म्हणतो?" वसुधाबाईंनी विचारलं.

"म्हणतो, आणखी बायका आजारी पडल्या तर बघू."

"आणि तोवर?"

सुयशरावांनी फोनकडे बघितलं. फोनवर गाणं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी वसुधाबाई एकट्याच चालत दुकानात गेल्या. फळीवर बाटल्या तशाच. उलट नवीन माल आला होता. निळ्या झाकणांची रांग लागली होती.

"रमणभाई, हे काढा. विष आहे हे."

"मावशी, मला सुयशभाईने सांगितला. बहुत वाईट वाटला. पण मी काय करू? कंटेनरमधून येते, पोर्टवरून सुटते, होलसेलवाला मला देते. कोणी मला कागद नाही दिला की विकू नको. मी काय डॉक्टर हाय?"

"तुम्हाला मुलगी असती तर?"

रमणभाईंनी गल्ल्याचा खण उघडून मिटला. मग हळूच म्हणाले, "मी काढला तर शेजारच्या दुकानात मिळेल. तो तर मला हसेल."

वसुधाबाई फळीसमोर उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक यायचं, डाळ-पीठ घ्यायचं, त्यांना वळसा घालून जायचं. गुडघा ठणकायला लागला तेव्हा रमणभाईंनीच तांदळाची गोण पुढे सरकवली. त्या गोणीवर बसल्या. मग एक पोरगी आली. फिजीकडची भारतीय असावी, सैल झगा, पायात रबरी सपाता, आणि झग्याखाली मेधाएवढंच पोट. तिने सरळ निळ्या झाकणाला हात घातला.

वसुधाबाईंनी तिचं मनगट धरलं. "नको! मत लो बेटी. इसमें शिसा है. जहर है. मेरी बेटी को हुआ."

पोरगी दचकली. हात सोडवून घेतला, पण ओरडली नाही. म्हातारी बाई बघून थांबली. "मेरी सास ने मँगवाया है, माँजी."

"मैं भी सास-जैसी ही है. मैं ही दिया मेरी बेटी को. मेरे हाथ से." वसुधाबाईंनी आपलं घासून लाल झालेलं बोट तिच्यापुढे धरलं. पोरगीने त्या बोटाकडे बघितलं, मग रमणभाईंकडे. रमणभाई गल्ल्यातली नाणी पाडत आणि उचलत होते.

"लेकिन माँजी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जराही उद्धटपणा नव्हता, "दुकान में रखा है, तो सरकार ने देखा ही होगा ना?"

वसुधाबाईंचंच वाक्य. कुणीतरी ते उचलून, हिंदीत करून, परत त्यांच्या तोंडावर मारलं होतं. त्या काय सांगणार? नाही बघितलं म्हणून सांगावं, तर वेड्या ठरतात. इतकं नीटनेटकं सरकार, सफरचंदाला दंड करणारं, ते न बघता कसं सोडेल? बघितलं म्हणावं, तर मेधाच्या रक्तातले निळे ठिपके कुणाचे? पोरगीने बाटली टोपलीत टाकली, "सॉरी, माँजी" म्हणाली आणि गेली.

घरी आल्यावर वसुधाबाई मेधासमोर उभ्या राहिल्या. "मला त्या ऑफिसात ने."

"कशाला आई? तुला इंग्रजी येतं का?"

"मला माफी नकोय तुझी. तू नको देऊस. तुझ्यासारखीच एक पोटुशी आज माझ्या डोळ्यांदेखत बाटली घेऊन गेली. मला एक गोष्ट विचारायचीय, तेवढी विचारू दे."

पोटावरचा हात मेधाने उचलला नाही. "बाळ आज सकाळपासून कमी हलतंय," ती म्हणाली. "मी किरीला बोलावलंय. मी येऊ शकत नाही. सुयश नेईल."

किरी आली. तिने पोटावर यंत्र लावलं, ठोके सापडले. बारीक, घाईघाईचे, पण होते. वसुधाबाईंनी ते दारातून ऐकले, चपला घातल्या आणि जावयाबरोबर वेलिंग्टनच्या गाडीत बसल्या.

आता तुमच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर, काचेच्या दाराआत, हिरव्या खुर्चीत त्या बसल्या आहेत. काउंटरवरची मुलगी "किया ओरा" म्हणाली, तिने पाणी आणून दिलं. बिचारी चांगली आहे. अपॉइंटमेंट आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, वेबसाइटवर फॉर्म आहे. सुयशरावांनी मराठीत सांगितलं. वसुधाबाई म्हणाल्या, "तिला सांगा, मी फॉर्म भरायला आलेली नाही. वर जे कुणी असतील त्यांना खाली पाठव."

बाळाचं काय होईल, हे त्या विचारणार नाहीत. ते डॉक्टरला सांगता आलं नाही, तुम्हाला काय येणार. वैद्यबुवांचं पाप वैद्यबुवांचं. वसुधाबाईंच्या बोटाचं पाप त्यांचं. ते त्यांनी टेबलावर आणून ठेवलं, कुणी मागायच्या आधी. तुमचं तेवढं राहिलंय.

ती पोरगी आज ना उद्या पुन्हा त्या फळीपाशी येणार. बाटली संपली की येईलच. आणि पुन्हा विचारणार, दुकानात आहे तर कुणीतरी बघितलं असेल ना? कुणी बघितलं होतं? नाव सांगा. कुणीच नसेल बघितलं, तर खाली या, त्या बाईच्या डोळ्यांत बघा आणि तसं सांगा. त्या पोरीला त्यांनी काय उत्तर द्यायचं?

बोला.